कट झाले, पण आले का? छोट्या धंद्याच्या पेमेंट साधनांची झाडाझडती

पेमेंटचे साधन गळ्यात मारायला येणारा माणूस नेहमी एकच गोष्ट दाखवतो: पैसे किती पटकन येतात. स्कॅन केले, टुंग वाजले, झाले. हा भाग आता जवळपास सगळ्यांचाच चांगला आहे, त्यावरून निवड करण्यात काही अर्थ नाही. साधन कसे आहे ते कळते गिऱ्हाईक “माझे कट झालेत” म्हणते आणि दुकानदाराच्या फोनवर काहीच दिसत नाही तेव्हा. माल परत आला आणि पैसे परत करायचेत तेव्हा. रात्री रोजमेळ जुळत नाही तेव्हा. खालची तपासणी याच तीन प्रसंगांना धरून आहे. एखाद्या कंपनीची शिफारस त्यात नाही, कारण एकाच कंपनीची दोन साधनेही एकमेकांपेक्षा फार वेगळी वागतात.

छापील क्यूआर: सगळ्यात स्वस्त, पण मुका

क्यूआर कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये तयार झाला, तो मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी. कारखान्यात डाग पडणार, ओरखडे येणार, हे धरूनच तो बनवलेला असल्यामुळे चूक भरून काढण्याची सोय त्यात मुळातच आहे. तिच्या चार पातळ्या आहेत: साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. मात्र तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन या सवलतीत धरू नयेत. त्यांतल्या एकावर किमतीचे लेबल चिकटले की गिऱ्हाइकाचा कॅमेरा कोड शोधतच बसतो.

‘आमच्याकडे स्कॅन होत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा छपाईची असते, नेटवर्कची नव्हे. कोडाच्या चारही बाजूंना त्यातल्या चार बारीक चौकटींइतकी पांढरी जागा मोकळी लागते. स्टिकर कापणारा नेमकी तीच छाटतो. मधोमध मोठा लोगो टाकला की वर सांगितलेली सवलत त्यातच खर्ची पडते आणि मग बारीकसा ओरखडाही भारी पडतो. आकाराचा ढोबळ हिशोब असा: जितक्या अंतरावरून स्कॅन होणार त्याच्या दहाव्या भागाइतकी कोडाची रुंदी. हातभर, म्हणजे ५० सेंटिमीटरवरून स्कॅन करायचा तर ५ सेंटिमीटर. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याचा झोत उमटतो, म्हणून मॅट घ्यावे. आणि काचेच्या आत कोड ठेवून वर ट्यूबलाइट लावणे हा प्रकार तर दर तिसऱ्या काउंटरवर दिसतो.

छापील कोडाची खरी खोट छपाईत नाही. तो फक्त ‘पैसे कुठे पाठवायचे’ एवढेच सांगतो. किती आणि कशाचे, ते त्याला माहीत नसते. रक्कम गिऱ्हाईक टाकते, म्हणजे एक शून्य कमी किंवा जास्त पडायला वाव राहतो. बिल नंबर जोडलेला नसतो, म्हणून संध्याकाळी एकाच रकमेच्या चार नोंदी दिसल्या की कुठली कोणाची हे सांगता येत नाही. शिवाय गिऱ्हाईक जो हिरवा टिकमार्क दाखवते तो पुरावा नाही. तो कालचा स्क्रीनशॉट असू शकतो, हुबेहूब दिसणाऱ्या बनावट ॲपचा असू शकतो, किंवा प्रामाणिकपणे दुसऱ्याच दुकानाला गेलेल्या पैशांचा असू शकतो. पुरावा एकच: स्वतःच्या ॲपमधली किंवा खात्यातली नोंद.

रक्कम मोठ्याने बोलून दाखवणारा छोटा स्पीकर या मुक्या कोडाला वाचा देतो, आणि तो घ्यावाच. पण त्याच्याही मर्यादा आहेत. त्याचे नेटवर्क दुकानदाराच्या फोनपेक्षा वेगळे असते. दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात सिग्नल कमी असेल तर घोषणा मिनिटभर उशिरा होते, आणि तोवर गिऱ्हाईक रस्त्यापलीकडे गेलेले असते. गर्दीत लागोपाठ तीन घोषणा झाल्या की कुठली कोणाची, हा प्रश्न पुन्हा उरतोच.

राहिला फसवणुकीचा प्रकार: आपल्या कोडावर दुसऱ्याचा कोड चिकटवून जाणे. याला तंत्रज्ञान लागत नाही, डिंक पुरतो. दुकान उघडताना आपल्याच फोनने आपला कोड स्कॅन करून नाव वाचायचे, पैसे न पाठवता मागे यायचे. दहा सेकंदांचे काम आहे. हातगाडी, छोटे सलून, फुटकळ दुरुस्ती, जिथे काउंटरवर एकच माणूस आहे आणि बिले मोजकी आहेत, तिथे एवढ्यावर भागते. दोन माणसे काउंटरवर आली की नाही.

दर बिलाला नवा कोड

डायनॅमिक क्यूआरमध्ये रक्कम आणि बिलाचा संदर्भ कोडातच असतो. इएमव्हीको या कार्ड पेमेंटची मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ साली आणलेल्या मानकात याची रचना नीट मांडलेली आहे: कोडातला एक आकडा तो कायमचा आहे (११) की त्या व्यवहारापुरता (१२) हे सांगतो, एका रकान्यात रक्कम असते, एकात दुकानाचे नाव, आणि शेवटी मजकूर बिघडलेला नाही हे तपासणारा अंक. गिऱ्हाइकाला फक्त दुकानाचे नाव वाचून मंजुरी द्यायची असते. शून्याची चूक संपते, आणि पैसे आले की बिल आपोआप ‘भरले’ म्हणून बंद होते. ही शेवटची सोय सगळ्यात मोलाची, आणि जाहिरातीत तिचाच उल्लेख सगळ्यात बारीक अक्षरात.

कमतरता दोन. कोड दाखवायला स्क्रीन किंवा मशीन लागते. आणि प्रत्येक कोडाला मुदत असते. ती मुदत दोन मिनिटांची ठेवली तर पाकीट शोधणारे गिऱ्हाईक अडकते; अर्धा तास ठेवली तर रद्द केलेल्या बिलावरही कोणी पैसे भरून जाते. काउंटरला पाच-सात मिनिटे बरी.

‘अडकले’ म्हणजे नक्की काय झाले?

इथे थोडे थांबायला हवे, कारण काउंटरवरची निम्मी भांडणे यातूनच होतात.

खात्यातून खात्यात जाणाऱ्या पेमेंटमध्ये निरोप एका उडीत पोचत नाही. गिऱ्हाइकाचे ॲप त्याच्या बँकेला सांगते, बँक मधल्या यंत्रणेला, ती यंत्रणा दुकानाच्या बँकेला. आणि ‘जमा झाले’ हे उत्तर त्याच वाटेने उलटे येते. रक्कम वजा झाली आणि पुढचे किंवा परतीचे उत्तर वेळेत आले नाही, की व्यवहार लोंबकळतो. गिऱ्हाइकाला ‘वजा’ दिसते, दुकानदाराला काहीच दिसत नाही, आणि दोघेही खरे बोलत असतात. पुढे त्याचे दोनच शेवट: थोड्या वेळाने पैसे जमा होतात, किंवा गिऱ्हाइकाकडे परत जातात.

कार्डाचे प्रकरण वेगळे. कार्डावर आधी रक्कम फक्त राखून ठेवली जाते, प्रत्यक्ष उचल नंतर होते. मशीनने मंजुरी मागितली, बँकेने रक्कम राखली, पण मंजुरीचे उत्तर मशीनपर्यंत पोचलेच नाही, तर गिऱ्हाइकाला ‘कट झाले’ असा संदेश येतो. खरे तर पैसे कुठेच गेलेले नसतात, फक्त बांधून ठेवलेले असतात. उचल झाली नाही तर ते आपोआप सुटतात. बँकेप्रमाणे काही तास ते काही दिवस लागतात. हे दोन वाक्यांत समजावून सांगता येणारा माणूस काउंटरवर असला की आवाज चढत नाहीत.

मग करायचे काय? गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवरचा व्यवहार क्रमांक लिहून घ्यायचा, फोटो नव्हे, क्रमांक. तो आपल्या ॲपमध्ये शोधायचा. ‘प्रलंबित’ दिसत असेल तर ‘पुन्हा एकदा पाठवा’ म्हणायची घाई करायची नाही, कारण पहिलेही नंतर जमा झाले तर रिफंडचे काम अंगावर येते. रक्कम लहान असेल आणि गिऱ्हाईक ओळखीचे असेल तर क्रमांक लिहून माल देणे परवडते. मोठ्या रकमेला नाही. दुसऱ्या मार्गाने पैसे घ्यायचे आणि पहिले आले तर त्याच दिवशी परत करू, असे बिलावर लिहून द्यायचे.

म्हणून साधन निवडताना पहिला प्रश्न हा: क्रमांक टाकून व्यवहार शोधता येतो का? काही ॲपमध्ये फक्त यादी असते, खाली सरकवत बसावे लागते. अशा ॲपला बाकी सगळे गुण असले तरी पन्नास बिलांच्या पुढे ते कामाचे नाही.

पेमेंट लिंक: घरून धंदा करणाऱ्यांचा उजवा हात

शिवणकाम, शिकवण्या, सल्ला, घरपोच सेवा, ऑर्डर घेऊन बनवायच्या वस्तू: ज्यांचे गिऱ्हाईक समोर नसते त्यांच्यासाठी लिंकइतके उपयोगी दुसरे काही नाही. वेबसाइट लागत नाही. रक्कम, कामाचे नाव, मुदत भरली की लिंक तयार. ती मेसेजमधून जाते, गिऱ्हाईक आपल्या सोयीने कार्ड, वॉलेट किंवा बँकेतून भरते. आगाऊ रक्कम मागण्याचा संकोचही जातो. तोंडी ‘थोडे ॲडव्हान्स द्याल का’ म्हणण्यापेक्षा ‘बुकिंगसाठी ३० टक्के, उरलेले काम झाल्यावर’ अशी लिंक पाठवणे दोघांनाही सोपे जाते.

लिंक करताना तीन ठिकाणी चुकते. एकदाच वापरायची की पुन्हा पुन्हा, हा पर्याय न बघता पुढे जाणे; मग तीच लिंक नवरा-बायको दोघेही भरतात. मुदत न टाकणे. मग जुन्या दराची लिंक चार महिन्यांनी कोणीतरी उघडते. आणि ‘पेमेंट’ एवढेच नाव देणे. ‘पडदे शिलाई, ६ नग, दुसरा हप्ता’ असे लिहिले तर गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो आणि नंतर हिशोबात शोधताही येते.

भरवशाचा मुद्दा साधा नाही. अनोळखी लिंक उघडू नका, असे लोकांना बँका सतत बजावतात, आणि ते बरोबरच आहे. त्यामुळे नुसती लिंक टाकू नये. आधी फोनवर किंवा मेसेजमध्ये रक्कम आणि कारण सांगावे, मग लिंक पाठवावी, आणि उघडल्यावर दुकानाचे कोणते नाव दिसेल तेही कळवावे. नोंदणी मालकाच्या नावाने आणि धंदा वेगळ्याच नावाने, असे असेल तर गिऱ्हाईक तिथेच थबकते.

कार्ड मशीन आणि फोनवरच टॅप

टॅप करायचे कार्ड १३.५६ मेगाहर्ट्झवर चालते आणि त्याची पोच जेमतेम ४ सेंटिमीटर. ‘टॅप होत नाही’ म्हणून जे मशीन बदलायला निघतात त्यांनी आधी दोन गोष्टी पाहाव्यात. गिऱ्हाईक अख्खे पाकीट टेकवते आहे का? आत दोन-तीन टॅप कार्डे असली की मशीनला कोणाशी बोलावे ते कळत नाही. एकच कार्ड बाहेर काढायला सांगायचे. आणि मशीन स्टीलच्या काउंटरवर आडवे ठेवले आहे का? धातू जवळ असला की सिग्नल मरतो. हातात धरून पुढे केले तर तेच मशीन मुकाट चालते.

अलीकडे मशीनच नको, दुकानदाराच्याच फोनच्या पाठीवर कार्ड टेकवायचे, अशी सोय आली आहे. कार्ड सुरक्षेची मानके ठरवणाऱ्या पीसीआय मंडळाने २०२२ मध्ये याच्यासाठी एमपॉक हे मानक काढले. कार्ड टॅप करणे आणि पिन टाकणे, दोन्ही साध्या फोनवर करण्याचे नियम त्यात आहेत. फिरत्या धंद्याला ही सोय अगदी योग्य. फक्त फोनची अँटेना कुठे आहे ते आधी हुडकून ठेवावे: आयफोनला वरच्या कडेला, अँड्रॉइडला बहुधा पाठीच्या मध्यावर किंवा कॅमेऱ्याखाली. जाड, धातूची पट्टी असलेले कव्हर काढावे. आणि त्याच फोनवर घरचे कॉलही येत असतील तर पिन टाकताना घंटी वाजते आणि व्यवहार तुटतो. धंद्याला वेगळा फोन हवाच.

नेट नसताना व्यवहार साठवून ठेवण्याची ‘ऑफलाइन’ सोय काही मशीनमध्ये असते. ती डोळे झाकून चालू करू नये. त्या वेळी मंजुरी बँकेने दिलेली नसते. नेट आल्यावर बँकेने नाकारले तर माल गेलेला, गिऱ्हाईक गेलेले, आणि नुकसान दुकानाचे. चालू करायचीच तर प्रत्येक बिलाला कमाल मर्यादा घालावी.

वेबसाइटवर पैसे घेणे

यात छोट्या धंद्याने एकच गोष्ट पक्की करावी: कार्डाचा नंबर आपल्या पानावर टाकायला लावू नये. पेमेंट कंपनीचे स्वतःचे पान उघडू द्यावे. कार्ड माहितीसाठीचे पीसीआय डीएसएसचे नियम त्यामुळे आपल्यापुरते बरेच हलके होतात. कार्डाच्या पाठीवरचा सीव्हीव्ही अंक तर मंजुरीनंतर कोणीच साठवायचा नसतो, कुलूपबंद करूनही नाही. फोनवर कार्ड नंबर विचारून वहीत लिहून ठेवणारे आजही आहेत; ती वही म्हणजे सुतळी बॉम्ब.

नेहमीचा बिघाड मात्र वेगळाच आहे. गिऱ्हाईक पैसे भरते आणि ‘धन्यवाद’चे पान यायच्या आत ब्राउझर बंद करते. वेबसाइट त्या पानावर विसंबून ऑर्डर नोंदवत असेल तर पैसे आलेत पण ऑर्डर नाही, असा घोळ होतो. पेमेंट कंपनीचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला थेट जो निरोप पाठवतो, ज्याला वेबहुक म्हणतात, त्यावर ऑर्डर नोंदवली पाहिजे. वेबसाइट करून देणाऱ्याला हा एक प्रश्न विचारा. तो चाचरला तर दुसरा शोधा. दुसरा प्रश्न: घाईने बटण दोनदा दाबले तर पैसे दोनदा जातील का? प्रत्येक ऑर्डरला एकमेव खूण जोडली असेल तर दुसरी विनंती पहिलीचेच उत्तर घेऊन परत येते.

कमिशन, आणि न जुळणारा रोजमेळ

कार्डाच्या कमिशनमध्ये तिघांचा वाटा असतो: कार्ड देणाऱ्या बँकेचा, कार्ड नेटवर्कचा आणि पेमेंट कंपनीचा. घासाघीस होते ती फक्त तिसऱ्यावर. दर ‘टक्के अधिक ठरीव रक्कम’ असा असेल तर टक्क्याकडे बघू नका, आपल्या सरासरी बिलाकडे बघा. समजा २ टक्के अधिक ३. हजाराच्या बिलावर २३ जातात, म्हणजे २.३ टक्के. पन्नासाच्या बिलावर ४ जातात, म्हणजे चक्क ८ टक्के. छोटी बिले असणाऱ्याला ३ टक्के सरसकट दरही यापेक्षा स्वस्त पडतो.

रोजमेळ का जुळत नाही त्याचे उत्तर बहुधा असे असते. दिवसभरात २,००० ची विक्री झाली. २ टक्क्यांनी ४० कमिशन गेले, आदल्या दिवशीचा ३०० चा एक रिफंड वळता झाला, आणि खात्यात जमा झाले १,६६०. वहीत ‘विक्री १,६६०’ असे लिहिणारे पुष्कळ. ते चूक आहे: विक्री २,०००, खर्च ४०, परतावा ३००, अशा तीन नोंदी हव्यात. नाहीतर करही चुकतो आणि नफाही. साधन बघताना सेटलमेंटचा, म्हणजे खात्यात जमा झालेल्या रकमेचा, तपशील बिलवार डाउनलोड होतो का ते पाहा. फक्त एकूण रक्कम दाखवणारे साधन वर्षाअखेरीस रडवते. शनिवार-रविवारची विक्री सोमवारी किंवा मंगळवारी एकगठ्ठा येते तेव्हाही हाच तपशील कामी येतो.

पैसे परत करणे आणि तक्रारी

रिफंड नेहमी आले त्याच मार्गाने परत करावा. कार्डाने घेतलेले रोखीने परत केले आणि नंतर त्याच गिऱ्हाइकाने बँकेत तक्रार केली, तर दोनदा पैसे जातात. चूक लगेच लक्षात आली आणि रकमेची उचल अजून झाली नसेल तर ‘रिफंड’ नव्हे, ‘रद्द’ हा पर्याय वापरावा. राखलेली रक्कम सुटते आणि बहुधा कमिशन लागत नाही. रिफंडला काही कामाचे दिवस लागतात आणि बऱ्याच कंपन्या मूळचे कमिशन परत देत नाहीत. हे करारात वाचून घ्या.

कार्डधारक बँकेकडे तक्रार करून पैसे उलटे मागवतो त्याला चार्जबॅक म्हणतात. बऱ्याच प्रकारांत त्याची मुदत १२० दिवसांपर्यंत असते, म्हणजे बिल, पोच आणि बोलण्याचे मेसेज किमान तेवढे दिवस जपायचे. आश्चर्य वाटेल, पण कितीतरी तक्रारी फसवणुकीच्या नसतातच: स्टेटमेंटवर दिसणारे नाव गिऱ्हाइकाला ओळखू येत नाही, एवढेच कारण असते. हे नाव सेटिंगमध्ये बदलता येते, जागा जेमतेम २० ते २२ अक्षरांची. कंपनीचे नोंदणीकृत लांबलचक नाव तिथे अर्धे कापले जाते. पाटीवर जे नाव आहे तेच टाका.

नोकराला मालकाचा पासवर्ड देणे हा आणखी एक सर्रास प्रकार. चांगल्या साधनात कॅशियरसाठी वेगळे लॉगिन असते: पैसे आले का ते बघता येते, रिफंड मात्र करता येत नाही. ही सोय नसेल तर दोनपेक्षा जास्त माणसे असलेल्या दुकानाने ते साधन घेऊच नये. आणि काउंटरवरच्या प्रत्येकाला एक गोष्ट पाठ करून द्यावी: पैसे घेताना आपला पिन कधीच लागत नाही. पिन मागणारी विनंती आली तर पैसे येत नाहीयेत, जाताहेत.

घ्यायच्या आधी

डेमोला भुलू नका. सगळ्यात लहान रक्कम स्वतःच भरा आणि लगेच परत करा. किती दिवसांनी आली ते लिहून ठेवा. एकदा पैसे भरताना मध्येच फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि तो व्यवहार दुकानाच्या ॲपमध्ये क्रमांकाने सापडतो का बघा. मग शनिवारी संध्याकाळी, गर्दीच्या वेळी, त्यांच्या मदत क्रमांकावर फोन लावा आणि माणूस किती मिनिटांनी बोलतो ते घड्याळ लावून मोजा.